काचघरातले चेहरे

"पळा!" चष्मिष ओरडला आणि सगळ्यांच्या आधी तोच पळत सुटला.

त्याच्यामागे त्याची मोठी बहीण ताई आणि सगळ्यांत शेवटी, एकच चप्पल पायात असलेली त्यांची चुलत बहीण चिंगी. रोपांच्या नर्सरीच्या फाटकाबाहेर आल्यावरच तिघं थांबले.

"काचेत चेहरे होते!" चिंगीला धड बोलताही येईना. "केस पांढरेफटक, दात काळेकुट्ट, आणि डोळ्यांतून उजेड येत होता!"

"दात न घासणारी भुतं असतील," ताईने उसनं अवसान आणून म्हटलं.

"किती होती ते मी मोजणार होतो," चष्मिष म्हणाला, "पण पायांनी ऐकलंच नाही!"

खरं तर ते निघाले होते पणजीच्या शोधात. सुटीत तिघांनी घराण्याचा मोठा तक्ता करायला घेतला होता. सगळ्यांचे फोटो मिळाले, पण आजोबांच्या आईचा एकही सापडेना. ती गेली तेव्हा आजोबा अगदी लहान होते. "तिचा हात आठवतो रे, आवाजही थोडा आठवतो," ते म्हणाले होते, "पण चेहरा काही केल्या आठवत नाही." आणि मग बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले. ते पाहून चिंगीला रडूच आलं होतं.

तिचा एकुलता एक फोटो आजोबांच्या लहानपणीच घर बदलताना हरवला होता. तो बाजारातल्या स्टुडिओत काढला होता म्हणून तिघं तिथे गेले, तर तिथे आता सलून! "फोटो एकही नव्हता रे बाळांनो," सलूनवाला कात्री चालवत म्हणाला. "खोकी भरून काळपट काचा होत्या नुसत्या. गेल्याच महिन्यात देऊन टाकल्या." हिरमुसून परतताना त्यांनी नर्सरीतून जवळची वाट धरली, आणि संध्याकाळच्या उजेडात तिथल्या काचघराने त्यांची अशी गाळण उडवली.

घरी आल्यावर कळलं की धावपळीत चष्मिषच्या हातून ताईच्या फोनवर एक फोटो निघाला होता. रंग उलटे करायचं बटण त्याने सहज दाबून पाहिलं. काळे दात पांढरे झाले, पांढरे केस काळे झाले!

"अगं, हे भूत तर हसतंय! कोटबिट घातलाय!"

ताई ताडकन उठली. "काळपट काचा! पूर्वी फोटो आधी काचेवर उमटायचा, असा उलट रंगांत! मग तो कागदावर काढायचे. नर्सरीवाल्याने त्याच काचा बसवल्यात. म्हणजे पणजीसुद्धा तिथे असेल!"

त्यांनी काकांना सांगितलं, तर काका पेपरामागून म्हणाले, "काचेत पणजी? उन्हात जरा कमी फिरा!"

सकाळी तिघं पोचले, तेव्हा नर्सरीवाला काचघरात पाण्याचा पाइप सोडून तारेच्या ब्रशने काचा घासत होता. एक अख्खी भिंत लख्ख झाली होती आणि तिच्यावरून काळं पाणी ओघळत होतं. ते चेहरेच वाहून जात होते!

"थांबा! काचांवर माणसं आहेत!" ताई ओरडली.

"मळ आहे मळ! उजेडाविना रोपं पिवळी पडली माझी. निघा इथून!"

ताईने डोळ्यांनीच खूण केली. चष्मिष मागे सटकला आणि त्याने नळाचा कॉक घट्ट बंद केला. पाइप गुरगुरला आणि गप्प झाला. नर्सरीवाला टाकीला शिव्या घालत बाहेर पडला.

"चिंगे, तू आत जाऊन शोध! मी त्याला बोलण्यात गुंतवते."

"मी? एकटी?"

पण ताई गेलीसुद्धा. चिंगी आत शिरली. कुठेतरी टपटप पाणी गळत होतं. चहूकडून पांढऱ्या बुबुळांचे चेहरे तिच्याकडे बघत होते. एक पोरगा, एक म्हातारा, एक टकलू. अर्धे डोळे मिटून ती पुढे सरकत राहिली. शेवटच्या काचेपाशी मात्र ती थबकली.

काचेत ती स्वतःच होती!

तीच हनुवटी, तीच वर चढलेली एक भुवई. फक्त केस पांढरे आणि ओठ फिकट. आपण मेलो आहोत आणि आपल्याला कळलंच नाही, असं क्षणभर तिला वाटलं.

मागे बादली आपटल्याचा आवाज झाला. ताईचं न ऐकता नर्सरीवाला हौदातून पाणी घेऊन आला होता. "सरक बाजूला!"

चिंगी त्या चेहऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. पाठीमागे कोण उभं आहे या विचाराने तिचे दातांवर दात आपटत होते. "न-नाही सरकणार! ही माझी पणजी आहे!"

नर्सरीवाल्याने ब्रश उगारला, तेवढ्यात ताई आणि चष्मिष धापा टाकत आले. ताईने काचेचा फोटो काढून रंग उलटे केले आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. मांडीवर बाळ घेतलेली एक तरुण बाई त्यात होती. नर्सरीवाल्याने फोनकडे पाहिलं, मग चिंगीकडे पाहिलं. ब्रश हळूहळू खाली आला.

"म्हणजे मी आतापर्यंत..." तो त्या लख्ख भिंतीकडे बघतच राहिला.

ती काच त्याने स्वतः चौकटीतून काढली, गोणपाटात गुंडाळली आणि घरापर्यंत आणून दिली. उरलेल्या काचांना हात न लावण्याचं कबूल करूनच तो गेला.

"मानलं बुवा तुम्हाला!" काका ओशाळून म्हणाले. "आणि चिंगे, तू तर वाघीण निघालीस!"

"वाघीण कसली! मी भयंकर घाबरले होते," चिंगी म्हणाली.

"घाबरूनही जागची हलली नाहीस, म्हणून तर ती वाचली," आजोबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसून ताईच्या फोनमधला फोटो जवळ घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अरे, आई किती लहान आहे!" ते हळूच म्हणाले, आणि नातीच्या गालावरून फिरवावा तसा त्यांनी फोटोतल्या तिच्या गालावरून हात फिरवला.