दोघांची एक वाट

रानाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आता एकशे चाळीस फाटके होती आणि एका माणसासाठी त्यातले एकच उघडे. घोट्याला बांधायचा पायपट्टा चालणाऱ्याचा दम, गुडघ्याची झीज आणि तोल मोजी आणि त्याची इयत्ता ठरवी. जशी इयत्ता तशी वाट. पट्टा आल्यापासून नऊ वर्षांत डोंगरावरून एकही माणूस पडला नव्हता.

चिंधू भांगरे या डोंगरावर चाळीस वर्षे वाटाड्या होता. त्याची इयत्ता आठवी, बायको ठकूबाईची दुसरी. भात झोडून झाले की दोघे नव्या तांदळाचा नैवेद्य घेऊन रानाईला जात. पण पट्टा आल्यापासून तो कड्याने जाई, ती सोंडेने. माथ्यावर गाठ पडे तेवढीच. यंदा तिचे गुडघे फारच गेले होते. पुढच्या वर्षी ती पहिलीत उतरणार, आणि पहिलीच्या वाटा माथ्याला जातच नव्हत्या.

म्हणून तो पट्ट्याचे काम बघणाऱ्या डॉक्टर केळुसकरबाईंकडे गेला. एकदाच आम्हाला एका वाटेने सोडा, म्हणाला.

बाईंनी त्याला चहा दिला आणि नीट समजावले. पाऊल किती वेळाने पडावे याची प्रत्येक शरीराची आपली लय असते. पूर्वी माणसे पडत ती ही लय मोडून. कोणी पुढच्याला गाठायला धावे, कोणी मागच्याकडे वळून बघताना घसरे. पट्टा घोट्यावर बारीक ठोके देतो आणि पायाला त्याच्याच लयीत ठेवतो.

"आमच्यात ज्याचा पाय दुखतो त्याला पुढं घालत्यात," चिंधू म्हणाला. "बाकीचे त्याच्या मागं. मग धावायचं कुणी आन् वळायचं कुणी?"

"आता ती सवय राहिली असेल का, बाबा?"

"चाळीस वरसं तेच केलंय. मला चालाया शिकवता व्हय?"

बाईंनी एक दिवस दोघांचे पट्टे बंद ठेवून सोंडेच्या फाटकाने एकत्र जायची परवानगी दिली.

ठकूबाईला पुढे घालून तो सोंडेने निघाला. बोलायचे पुष्कळ साठवले होते. पण तिसऱ्याच वळणावर त्याचा पाय तिच्या टाचेवर पडला. त्याने पाऊल आखडले तर तो स्वतःच धडपडला. जन्मात कुणाच्या टाचेला त्याचा पाय लागला नव्हता. पुढे दोनदा तसेच झाले. नैवेद्याचा डबा खडकावर आपटला. ठकूबाई काठी टेकून थांबली. चढ सोपा होता, तरी ती घामाने भिजली होती.

"राग मानू नका," ती म्हणाली. "मागं तुमचं पाऊल वाजतं आन् माझं मला सापडत न्हाई."

"मग तू माझ्या मागं ये."

"मग तुमच्याकडं बघत चालावं लागंल."

तिने वाकून पट्ट्याची कळ दाबली. ठोके सुरू झाले तसा तिचा चेहरा निवला. वर भेटूच की, म्हणाली आणि चालू लागली. तिचे पाऊल एकदाही अडखळले नाही.

चिंधू बराच वेळ तिथे उभा होता. हाक मारावी असे त्याच्या मनात आले. मग त्यानेही कळ दाबली. पट्टा त्याला उजवीकडे फुटणाऱ्या कड्याच्या वाटेला ओढू लागला. छाती मोकळी झाली. रडू येईल असे वाटून तो थांबायला गेला, पण पाय केव्हाच निघाले होते, आणि त्यांना बरे वाटत होते.