उमसुनच्या तीन ओळी

हस्तलिखिताला चार वाचनं लागतात आणि त्यांचा क्रम मोडायचा नसतो. फ्रुंझे शहरातल्या प्रकाशनगृहात बारा वर्षं काढल्यावर हे बुरुलच्या अगदी अंगवळणी पडलं होतं. पहिल्या वाचनात सांगाडा बघायचा, म्हणजे गोष्टीत कोण हवं, कोण नको. तेव्हा स्वल्पविरामाला हातसुद्धा लावायचा नाही. मग वाक्यं, मग नावं नि शुद्धलेखन, आणि शेवटी मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं. म्हणून म्हाताऱ्या शार्शेन-बैकेंची, म्हणजे शार्शेनदादांची, कादंबरी आली, तेव्हा तिने नेहमीसारखा चहा ओतून घेतला आणि लाल पेन्सिल उचलली.

हिमवादळात घाटात अडकलेल्या घराची गोष्ट. आजी, आई, मुलगा आणि नऊ वर्षांची उमसुन. ही उमसुन काही करतच नव्हती, नुसती चुलीपाशी बसलेली असायची.

"पोरीला काढू या, बैके. तिच्यावाचून काही अडत नाही."

शार्शेन-बैकेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी सख्खी बहीण ती. त्या बर्फातच राहिली. कबरसुद्धा नाही बिचारीला. एवढीच काय ती जागा आहे तिला, पोरी..."

"कादंबरी आहे ही, कबरस्तान नव्हे!"

बोलून गेली खरी, मग तिचं तिलाच वाईट वाटलं. पण रेघ मारलीच.

नवरा गेल्यापासून घरात तिघीच. सासूबाई, बुरुल आणि तिची नऊ वर्षांची जिपार. त्या संध्याकाळी सासूबाईंनी चहाचे दोनच वाडगे मांडले. जिपार समोरच बसली होती.

"आणि हिचा?"

"अगं बाई, विसरलेच की!" सासूबाई हसल्या. जिपारही हसली.

दुसऱ्या वाचनात कळलं, उमसुन अजून वाक्यावाक्यांत उरली होती. कुठे तिची सावली, कुठे खोकला. बुरुल खोडत गेली. बाहेर बर्फ पडत होतं, आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास दाटत चालला होता. खिडकी उघडली तरी जाईना. त्या दिवशी जिपार शाळेतून हमसून हमसून रडत आली. दिवसभर तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

तिसऱ्या वाचनात नावांची यादी केली, आणि त्यातून उमसुनचं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या हजेरीत जिपारचं नाव नव्हतं. घरी सासूबाई पोरीला निरखून म्हणाल्या, "ही कुणाची गं? तिच्या घरी वाट बघत असतील..."

बुरुलला उमसुनच्या खोडलेल्या ओळी आठवल्या. ती तशीच शार्शेन-बैकेंकडे धावली. अंगणात मयताचा तंबू उभा होता आणि आतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. शार्शेन-बैकेच गेले होते.

आता फक्त मुद्रितं उरली होती. तिथला दंडक मोठा कडक. घालाल तेवढंच काढायचं. तीन ओळी घातल्या, तर त्याच पानावरच्या तीन काढायच्या, नाहीतर जुळवलेली पानं पुढे सरकतात. बुरुलने शेवटचं पान घेतलं. वादळ थांबतं आणि घाटातून माणसं एकेक करून खाली येतात, ते पान. आजी येते, मुलगा येतो, आई येते. तिने कडेला लिहिलं, उमसुनही आली, जिवंत आली. तीन ओळी झाल्या. मग काढायचं कुणाला, याचा तिने फार विचार केला नाही. मुलगा म्हणजे खुद्द शार्शेन-बैके, त्यांना कशी काढणार? आजीला काढावं, तर म्हाताऱ्या सासूबाईंनी तरी काय पाप केलं होतं? तिने डोळे उघडे ठेवून आईच्या तीन ओळी खोडल्या आणि खाली सही केली.

घरी दार जिपारने उघडलं. गाल लाल, तोंडात घास. जिवात जीव आला बुरुलच्या.

"जिपार! माझी बाय ती!"

पोर दोन पावलं मागे सरली. "आजी, कोणीतरी बाई आल्यात..."

सासूबाई नान घेऊन दारात आल्या. दारात आलेल्याला नानचा तुकडा मोडायला दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, ही तिथली रीत. "घ्या, तुकडा मोडा. काय ही थंडी! कोणाकडे आलात?"

बुरुलने तुकडा मोडला. तो हातातच राहिला. ती पोरीकडेच डोळे भरून बघत राहिली.

"कोण आहे गं?" स्वयंपाकघरातून हाक आली. आवाज बाईचा नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीचा होता, मागोमाग खोकला, आणि दारातून ओल्या लोकरीचा वास आला.

"कोणी नाही, आई," जिपार म्हणाली आणि दार लावून घेऊ लागली.