मुटकूच्या पोटात शेगडी नाही

"पेटीत साप नाही," हरकाम्या म्हणाला.

मी काचेला नाक लावून उभी होते आणि मुटकू माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर पडला होता.

"डोळे फुटले का तुझे? हा काय समोर!"

"कस्तुरीताई, मी झाकणाच्या जाळीतून उष्णतादर्शी डोळ्याने (अंगाची ऊब टिपणाऱ्या कॅमेऱ्याने) पाहिलं. तुम्ही लालभडक दिसता. पेटीत मात्र सगळं निळं आहे. साप नाही."

हरकाम्या म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव. खोटं त्याला बोलता येत नाही, पण अक्कल यथातथाच. एरवी मी खो खो हसले असते. पण मुटकूकडे पाहून हसू आलं नाही.

मुटकू म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी. घाबरला की डोकं आत लपवून अंगाचं मुटकुळं करतो, म्हणून त्याचं नाव मुटकू. आपल्या रानातले साप पाळायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण संगोपन केंद्रात जन्मलेला असा अजगर आता तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केला की मुलांनाही सांभाळायला मिळतो. मी तो केला, परीक्षेत पहिली आले आणि सव्वा महिन्यापूर्वी मुटकू आमच्या चिखलदऱ्याच्या घरी आला. माझा पहिलावहिला प्राणी!

आज मुटकुळं नव्हतं. तो दोरी सुटावी तसा सैल पडला होता. जीभ बाहेर येत नव्हती. काल दुपारी गिळलेल्या उंदराचा फुगवटा पोटात होता तिथेच होता.

"आबा! लवकर या!" मी किंचाळलेच.

आबा म्हणजे माझे आजोबा. सापांच्या शरीराचं तापमान मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते चष्मा शोधत आले, वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "पोरी, सकाळी तापमापक पाहिला होतास?"

नव्हता पाहिला. परीक्षेत पहिली आलेल्या कस्तुरी वानखडेने रोज सकाळी करायचं पहिलंच काम केलं नव्हतं. आज नागपंचमी. शाळेला सुट्टी म्हणून मी साडेदहापर्यंत लोळत होते.

तापमापकावर आकडा होता एकोणीस. पेटीची उबदार बाजू बत्तीस अंशांवर असायला हवी होती!

आबांनी वायर तपासली. ठीक. तापनियंत्रक (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारी डबी) तपासला. तोही ठीक. वीज होती. फक्त पेटीखालच्या तापपट्टीचं बटण बंद होतं.

"हे कुणी बंद केलं?" मी विचारलं.

"मी," हरकाम्या शांतपणे म्हणाला. "काल संध्याकाळी सहा वाजता. वहिनींनी, म्हणजे तुमच्या आईंनी, सांगितलं होतं, उद्या नागपंचमी, तवा ठेवायचा नाही, नागाला चटके बसतात. मी तवा आत ठेवला, इस्त्री बंद केली. नंतर घरभर शोधलं. प्रत्यक्ष सापाच्या खाली असलेली गरम वस्तू एकच सापडली."

त्याला बोलणार तरी काय? सांगितल्यापेक्षा जास्त नीट काम केलं होतं बिचाऱ्याने.

साडेसोळा तास! बाहेर श्रावणातलं धुकं, घरात गारठा आणि मुटकूच्या पोटात अख्खा उंदीर. मी स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आले. आबांनी माझं मनगट धरलं.

"थांब! भाजशील त्याला. खालून अंग पोळतंय हे सापाला चटकन कळत नाही. तो तिथेच पडून राहतो."

"मग काय बघत बसू? मरेल तो!"

"मरू शकतो," आबा म्हणाले. ते कधीच उगाच धीर देत नाहीत. "म्हणूनच घाई नको. बटण चालू कर. आधी बावीस, मग दर वीस मिनिटांनी एक अंश वर. तेही फक्त उबदार बाजूला. गार बाजू आहे तशी राहू दे. आणि काहीही झालं तरी त्याला उचलायचं नाही. हलवलं तर तो उंदीर ओकून टाकेल."

मी बटण दाबलं.

"आबा, एका थंडीने एवढं होतं? मी तर धुक्यात खेळते, मला काही होत नाही."

"कारण तुझ्या पोटात शेगडी आहे. तू भाकरी खातेस ना, तिचा मोठा हिस्सा अंग गरम ठेवण्यातच जळतो. म्हणून तुला दिवसातून चारदा भूक लागते. मुटकूकडे तशी शेगडी नाही. तो शीतरक्ती (बाहेरून ऊब घेऊन जगणारा). त्याचं रक्त नेहमी थंडच असतं असं नाही बरं का. बसायची जागा जेवढी गरम, तेवढंच त्याचं अंग गरम."

"म्हणजे आत्ता तो पेटीतल्या दगडाइतकाच गार आहे," मी म्हटलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणूनच हरकाम्याला दिसला नाही! दगडही निळा, मुटकूही निळा!"

"शाब्बास. शेगडी नाही म्हणून त्याला एक उंदीर आठवडा-दीड आठवडा पुरतो. पण पोटातले पाचक रस (अन्न विरघळवणारे द्रव) उबेतच काम करतात. थंडीत उंदीर पचत नाही, सडतो."

तेवढ्यात आई वारुळाची पूजा करून परतली. सगळं ऐकून ती ताट हातात धरून तशीच उंबऱ्याबाहेर खाली बसली. "का बाप्पा! माझ्याच तोंडून निघालं ते. त्याला चटका बसू नये म्हणून मी..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. राग माझाच आला. तापमापक माझा, साप माझा आणि लोळत होते मीच.

तेवीस. चोवीस. आईने वाफवलेली पुरणाची दिंडं उंबऱ्यावर आणून ठेवली, कुणी हात लावला नाही. सव्वीसला मुटकूच्या गळ्याजवळ काहीतरी हललं आणि मी ओढणीचं टोक तोंडात धरलं. आता ओकणार! पण तो फक्त श्वास होता.

एकोणतीसला जीभ बाहेर आली. एकदा. मग दोनदा.

बत्तीस अंश झाले तेव्हा सव्वादोन वाजले होते. आणखी तासाभराने मुटकू सावकाश सरकायला लागला, तोही थेट गार बाजूकडे!

"आबा, तो थंडीत चाललाय! अडवू?"

"हात मागे घे. अगं, त्याला पुरेशी ऊब मिळाली. आता नको आहे, म्हणून निघाला. त्याचा तापनियंत्रक म्हणजे त्याचं हे सरपटणंच. गरम हवं तर इकडे, गार हवं तर तिकडे. आपण नुसती ऊब द्यायची नसते पोरी, दोन्ही बाजू द्यायच्या असतात. निवड त्याची."

"मग मी आदेश कसे पाळायचे?" हरकाम्याने विचारलं.

"पाळण्याआधी विचारायचं, हे कुणाच्या भल्यासाठी आहे आणि त्याचं भलं नक्की कशात आहे," आबा म्हणाले.

"नोंद घेतली," हरकाम्या म्हणाला.

मुटकू हलला, पण उंदीर पचला का? ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे दिवस मी त्याला हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहिले. फुगवटा कमी होतोय असं मला वाटायचं, मग वाटायचं की मनाचे खेळ आहेत. चंद्रावर पुढच्या दशकात माणसं राहायला जाणार म्हणतात. त्यांच्याबरोबर साप, सरडे, कासवंही जातील. त्यांच्या पेट्या मी बांधणार, हे मी त्याच दिवसांत ठरवलं. एक बाजू उबदार, एक बाजू गार. पण आधी हा एक साप वाचायला हवा होता.

आठव्या दिवशी सकाळी पेटी उघडली आणि मी अशी ओरडले की आबांच्या हातातला चहा सांडला.

"आबा! आई! मुटकूने शी केली! उंदीर पचला!"

आबा टाळ्या वाजवत आले. पाठोपाठ आई आली. सापाच्या भीतीने दीड महिन्यात तिने त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. ती थेट पेटीपाशी येऊन वाकली. मी साफ करायला कागद घेतला, तर म्हणाली, "थांब गं जराशी. मला बघू दे आधी."