दाराच्या बाहेरून

सरकारी वकिलांच्या कचेरीत आल्या-गेल्याला कुणी आपणहून चहा विचारतं, हे द्वारकाबाई मेस्त्रींना कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पण खारबंदरच्या पीडित साहाय्य कक्षात चहा होता, पाठीला उशी होती, मनसोक्त रडायला वेगळी खोली होती, कोर्टात सोबतीला माणूस होता, आणि आरोपी जामिनावर सुटलाच तर घरी कळवायची सोयही होती. एवढ्यावर भागेना म्हणून की काय, वरच्या मजल्यावर स्मृतिमूर्ती होती. तिच्याबद्दल मात्र लोक आवाज उतरवून बोलत.

"आधी ती खिडकी लावा हो," वर आल्याआल्या द्वारकाबाई म्हणाल्या. "धक्क्यावर बर्फ फोडतायत मेले. आमचं घर बर्फकारखान्याच्या पाठीला पाठ लावून. दुपारी खिडकी लावल्याखेरीज माझा डोळा म्हणून लागत नाही."

"आई, लोक काय म्हणतील?" धाकटा विलास पुटपुटला.

"काय म्हणतील? म्हातारी कटकटी आहे म्हणतील. खोटं आहे का?"

मूर्तीचं काम बघणाऱ्या डॉ. निलोफर पटवेकरांनी हसून खिडकी लावली. त्यानंतर त्या खोलीत कुणी फारसं हसलं नाही.

द्वारकाबाईंचा थोरला, मुकुंद, त्यांच्याच बर्फकारखान्याच्या शीतगृहात गोठून गेला होता. दाराची कडी बाहेरून घातलेली. त्या दुपारी बर्फ फोडायचं मशीन दुरुस्तीला काढल्यामुळे सगळ्या कामगारांना सुट्टी होती. मुकादम जानू तांडेलचं आदल्या दिवशी मुकुंदशी वाजलं होतं, म्हणून जानू तुरुंगात होता. उद्यापासून खटला.

"म्हणजे हे भूतच की," हर्डीकर वकील म्हणाले. ते नुकतेच बदलून आले होते आणि यंत्रांवर त्यांचा राग होता.

"भूत परवडलं, साहेब. त्याला स्वतःचं काही ठाऊक तरी असतं," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही नातेवाइकांच्या मेंदूतून स्मृतींचे धागे घेतो आणि त्यांतून गेलेला माणूस विणतो. कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं ते सगळं धाग्यात येतं, मग त्या माणसाला ते आठवत असो वा नसो. या मूर्तीत दोनच धागे आहेत, आईचा आणि भावाचा. दोघांपैकी एकालाही जे माहीत नाही, ते हिला माहीत असणं शक्य नाही. म्हणून तिची साक्ष कोर्टात चालत नाही. घरच्यांना एकदा बोलता यावं, एवढ्यासाठीच ती."

काचेच्या पेटीत उजेड दाटला आणि मुकुंद बसलेला दिसला. शर्टाचं वरचं बटण उघडं, नेहमीसारखं.

"काय गं आई, चहा फुकट आहे म्हणून आलीस ना?"

द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. हसू आवरायला की दुसरं काही, ते त्यांनाही कळलं नाही. मग बराच वेळ मायलेक बोलत राहिले, जेवणाचं, पडवीतल्या गळतीचं. उठायची वेळ झाली तेव्हा त्यांनी रात्रंदिवस गिळलेला प्रश्न विचारला.

"बाळा, आत फार थंडी होती का रे?"

"आतलं काही नाही आठवत." मुकुंद थबकला. "दार ठोकल्याचा आवाज तेवढा आठवतो. बाहेरून ऐकू येतो ना, तसा."

हर्डीकरांनी कप बशीत ठेवला. डॉक्टरांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी विलासकडे.

"दोनच धागे म्हणालात ना?" हर्डीकरांनी डॉक्टरांना विचारलं.

"मी जेटीवर होतो, साहेब!" विलास उभा राहिला. "आई, तू तरी सांग!"

पण द्वारकाबाई त्याच्याकडे भलत्याच नजरेनं बघत होत्या. कारखाना विकायचा की ठेवायचा, यावरून दोन्ही भाऊ महिनाभर एका पंगतीला बसले नव्हते. शेवटी ताटं त्यांनीच वेगवेगळी वाढली होती.

"कुणी पाहिलं तुला जेटीवर?"

"आई!"

"मी तर घरात झोपले होते. मग तो आवाज ऐकला कुणी?"

"पोलिसांना बोलावतो," हर्डीकर म्हणाले. "जानूला नाहक डांबलंय आपण."

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "एक करता येईल. विलासरावांचा धागा मूर्तीतून उपसून काढते. त्याच्याबरोबर तो आवाजही गेला, तर मग तुमचं तुम्ही बघा. पण द्वारकाबाई, एकदा काढला की परत घालता येत नाही. आणि तुमचा मुलगा थोडा कमी होईल."

"काढा," द्वारकाबाई म्हणाल्या. विलासच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

काचेत मुकुंद विरळ झाला. होड्यांची नावं गेली, भावाबरोबरची पोहण्याची पैज गेली, शिव्या तर सगळ्याच गेल्या. उरला तो फक्त आईला माहीत असलेला मुकुंद, अंगानं लहान आणि जरा जास्तच शहाणा.

"मुकुंद," द्वारकाबाई काचेजवळ सरकल्या, "आता आठवतो का रे, तो दाराचा आवाज?"

"आठवतो की."

त्यानं वाकवलेल्या बोटांनी काचेवर ठोकलं. दोन जलद, एक सावकाश.

विलास झटकन आईकडे वळला. शाळेतून आल्यावर मुकुंद घराचं दार असंच वाजवायचा. मोठेपणीसुद्धा. त्या ठोक्यावर द्वारकाबाई हातातलं पीठ न धुता दार उघडायला धावायच्या.

"बराच वेळ ठोकलं," मूर्ती म्हणाली. "आधी जोरात. मग 'मेले सुट्टीच्या दिवशीपण बर्फ फोडतायत' असं कुणीतरी म्हणालं आणि खिडकी लावून घेतली. मग आवाज बारीक येत राहिला. मग झोप लागली."

काचेवर पुन्हा वाजलं, दोन जलद, एक सावकाश.

"ती खिडकी उघडा हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "कुणीतरी ती खिडकी उघडा."

डॉक्टरांनी उठून खिडकी सताड उघडली. पण द्वारकाबाई त्या खिडकीकडे बघतच नव्हत्या.