वाळूतलं पिवळं मेण

पहिला तांब्या ओतला आणि वेनिंगचं पिंप तुंबलं.

जावा बेटावरच्या पेकालोंगान गावात, एका शाळेत मुलांनी बनवलेल्या प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रांची स्पर्धा होती. चौदा वर्षांच्या वेनिंगनं पिंपात वाळू, नारळाचा कोळसा आणि काथ्या यांची गाळणी केली होती. जिंकणारं यंत्र नगरपालिका त्या मुलाच्या गल्लीत बसवणार होती. वेनिंगच्या गल्लीतली विहीर जांभळी झाली होती. त्या पाण्यानं अंघोळ करून तिचा धाकटा भाऊ रक्त येईस्तोवर अंग खाजवायचा.

आज मात्र गटाराचं पाणी खाली उतरेना. पिंपात वरच डचमळत राहिलं. कुजक्या माशांचा वास सुटला.

"वाळू नीट धुतली नसशील, पोरी," हस्तकलेचे शिक्षक पाक सुविग्न्यो हळहळले. मुलांचे मार्गदर्शक तेच. तिकडे मोठ्या पुरुषाला आदरानं पाक म्हणतात, बाईला बू.

"काल शाळा सुटताना चालत होतं, सर."

परीक्षक बू मुर्ती उठल्या. आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. बाही सारून त्यांनी हात त्या घाणीत कोपरापर्यंत घातला. चार बोटं खोल वाळूचा दगड झाला होता. ढेकूळ फोडलं, तर आत मधासारखं पिवळं मेण.

कापडावर बाटिकची नक्षी काढतात ते मेण.

सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेतल्या पाक करसिदींकडे वळल्या. गावातला सर्वांत मोठा बाटिकचा कारखाना त्यांचा.

"माझ्याकडे काय बघता?" करसिदी गुरकावले. "काल शुक्रवार. कारागिरांची सुट्टी. चूल पेटलीच नाही माझी."

"मेण कसं वापरता?" बू मुर्तींनी विचारलं.

"कापडावरून उकळून काढतो, परत वितळवतो. डांबरासारखं काळं होतं."

"बरं. बाकीचे सहा दिवस गटारात काय सोडता, ते नंतर विचारते. वेनिंग, विहीर कधी जास्त जांभळी होते?"

"शुक्रवारी संध्याकाळी, बू. त्या पाण्यानं धाकट्या भावाच्या अंगावर जखमा झाल्यात."

"गल्लीत कापड रंगवायचा कारखाना आहे?"

"एकही नाही. गटाराच्या वरच्या टोकाला सरांचं घर, खाली आमची घरं."

बू मुर्ती हस्तकलेच्या वर्गात जाऊन आल्या. येताना त्यांच्या हातात कढई होती. कडेला पिवळं मेण चिकटलेलं.

"मुलांनो, नीट ऐका," त्या वर्गात शिकवावं तशा बोलू लागल्या. "मेण थंड असतं तर वाळूच्या वरच राहिलं असतं. खोल उतरलं, म्हणजे कडकडीत गरम ओतलं. काल गावातल्या कारखान्यांच्या चुली थंड होत्या. शिवाय हे मेण कोरं आहे, कापडाला लागलेलंच नाही. असं मेण शिकाऊ मुलांसाठी ठेवतात. चूल, कढई आणि मेण, तिन्ही इथं एकाच खोलीत, हस्तकलेच्या वर्गात. तिची किल्ली एकाच माणसाकडे."

सुविग्न्योंचा चेहरा उतरला.

"आता कारण. कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी विहीर जांभळी करणारा कारखानदार नव्हे. घरी चोरून कापड रंगवणारा कुणीतरी, पाण्याच्या वरच्या अंगाला राहणारा. गल्लीत यंत्र बसलं, तर तपासणीला माणसं येणार, घाण कुठून येते ते दिसणार. काय सर, चुकतेय का मी?"

"बू, पगारात भागत नाही," ते पुटपुटले. "इथं मुलांसमोर तरी नको."

"त्यांच्याच समोर. वेनिंगच्या भावाच्या अंगावरच्या जखमा रोज बघत होतात ना तुम्ही?"

परीक्षकांनी वेनिंगला दुपारपर्यंत वेळ दिला. पोरं नदीकाठाकडे वाळू आणायला पळाली.

सुविग्न्यो खाली वाकले. "आण, थर मी लावून देतो."

वेनिंगनं पिंप आपल्याकडे ओढून घेतलं.

"तुमचे हात नकोत, सर."