बाबांच्या कानातला ‘स’

“यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी. निदान ती उगाच मान तरी डोलवत नाही,” कणीक तिंबता तिंबता आई पुटपुटली. शेजारी लसूण सोलणाऱ्या सावनीला ते ऐकू गेलं. समोर बसलेल्या बाबांना नाही.

सावनीचे बाबा वीस वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होते. अलीकडे ते घरात असूनही नसल्यासारखे असत. गेल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, “बाबा, संमेलनात माझ्या गाण्याला साथ देशील?” बाबांनी हसून हात पुढे केला. सोबत आलेल्या मैत्रिणी खो खो हसल्या. तेव्हापासून सावनीने त्यांना काही विचारणंच सोडलं. बाबा आपल्याला टाळतात, असं तिला वाटे.

शेवटी तिने टिपणीसला गाठलं. टिपणीस म्हणजे घरातला यंत्रमानव. साल २०५८ उजाडलं, तरी त्याच्या गुडघ्यांना रोज तेल लागे.

“बाबाला ढोल ऐकू येतो आणि ‘साथ’चा ‘हात’ होतो. असं कसं?”

“कानाच्या आत कर्णशंख (शंखासारखी वळलेली पोकळी) असतो,” टिपणीस म्हणाला. “त्यात केशपेशी (केसांसारखे तुरे असलेल्या सूक्ष्म पेशी) असतात. आवाजाने तुरे हलतात, मेंदूला निरोप जातो. शंखाच्या दाराजवळच्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात. स, श, पाखरांची चिवचिव. रोज प्रचंड आवाज आदळला, की आधी त्याच मोडतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.”

“मग?”

“मग कानात सतत रातकिडे किरकिरतात. गर्दीत शब्दांचा नुसता काला होतो. माणूस अंदाजाने मान डोलवतो. हळूहळू माणसंच टाळतो.”

त्याने उंच पट्टी गाळून तिचाच आवाज ऐकवला. “आवनी.” गोधडीखालून कुणी बोलावं तसा.

“कोंबडीच्या कानात मात्र त्या पेशी पुन्हा उगवतात,” टिपणीस म्हणाला. “शास्त्रज्ञ तिचं गुपित शिकताहेत. तोवर श्रवणयंत्र आहे. उरलेलं वाचवायला वाजवताना कानात घालायची बुचं आहेत.”

“मग बाबा डॉक्टरांकडे का जात नाही?”

“त्याआधी एक वाक्य बोलावं लागतं.”

संध्याकाळी बाबा ताशा पुसत होते. सावनी अगदी समोर बसली. टिपणीसच्या पोटावरच्या पडद्यावर तिचे शब्द उमटले: “बाबा, तुला ‘स’ ऐकू येत नाही ना?”

आई दारातच थबकली.

बाबांनी दोनदा वाचलं. “पथकात कळलं, तर ताशा जाईल माझा,” ते म्हणाले. मग ताशा खाली ठेवला.

“नुसता ‘स’ नाही गं. मला तूच ऐकू येत नाहीस.”