शाईचे बोट

"शाई लागलेल्या हातचें अन्न पितरांस चालत नाहीं, ठाऊक नाहीं काय तुला?" कृष्णकुमारने विचारले, आणि लेकीसोबत प्रथमच मतदानाला निघालेली त्याची बायको विशालाक्षी उंबऱ्यातच थबकली...

उद्या तिच्या सासऱ्यांचे श्राद्ध होते. कुंभकोणमच्या या मराठी घरात श्राद्धाचा स्वयंपाक सुनेनेच सोवळ्यात करायचा, आणि मतदानाची शाई म्हणजे विटाळ! तिथी चैत्रातली, निवडणुकाही नेमक्या त्याच सुमारास. तीस वर्षे तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. शेजारणी बोट मिरवत आल्या, की ही बिचारी आपले कोरे बोट पदरात लपवायची. तिच्या सोशिकपणाचे कौतुक मात्र सगळे करत. कौतुकाला काय जाते!

"आणि अक्षयाही नको. यंदापासून तीही मदतीस राहील."

अठरा वर्षांची लेक नवे मतदार कार्ड छातीशी धरून रडू लागली, आणि विशालाक्षीच्या काळजाचे पाणी पाणी झाले.

"मला कोंडलेंत, कोंडा... पण लेकीस नको! तिला जाऊं द्या. मी राहतें... जन्मभर राहतें!"

झोपाळा थांबला. पंच्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, त्रिपुरसुंदरी, काठी टेकत उठल्या.

"पुरे रे, कृष्णा! पहिल्या मतदानाची यादी करावयास माणूस आला, तेव्हां माझ्या सासूचें नांव पुरुषांनीं सांगितलें नाहीं. 'सुंदररावांची बायको' इतकेंच लिहा म्हणाले. बिननांवाची म्हणून तिला यादींतून खोडलें. मला सांगतांना रडायची ती... मग श्राद्धाच्या चुलीपाशीं मी आलें, मलाही हीच शाईची अडचण. देशानें बायकांस मत दिलें रे, आपल्या घरानें नाहीं! जें मला लागलें, तेंच मीं हिला लाविलें..."

त्यांनी सुनेचा हात धरला. "चल गे, विशालाक्षी. मलाही घेऊन चल."

तीस वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक! आजवर ती नुसती 'अगे' होती. तिला हुंदका आवरेना... तिघी एकाच रिक्षात बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पिंडाचा भात घेऊन विशालाक्षी नवऱ्यासमोर उभी राहिली. बोटावर शाईची काळी रेघ होती. कृष्णकुमार पाहत राहिला. शेजारी म्हाताऱ्या आईच्या बोटावरही तीच रेघ... अखेर त्याने दोन्ही हात पुढे केले.

"दे, विशालाक्षी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

त्याने पिंड परसात ठेवला, आणि तो मागे सरायच्या आत कावळा शिवला.